मेनला हात न लावता: गिट ब्रँच ते पुल रिक्वेस्ट, टप्प्याटप्प्याने

बेळगाव, चिकोडी, निपाणी भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींच्या पहिल्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल प्रकल्पात घ्या’ अशा विनंत्या, माझ्याकडे तपासायला येतात. गिट हे फाइलमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन आहे. त्यांतला कोड बहुतेक वेळा ठीक असतो. तरीही त्या परत जातात, कारण काम थेट मेन ब्रँचवर, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य शाखेवर केलेले असते, किंवा कित्येक महिने जुन्या प्रतीवर केलेले असते, किंवा एका ओळीच्या दुरुस्तीसोबत अख्खी फाइल बदलून आलेली असते. या तिन्ही चुका पहिला कमिट (बदलाची गिटमधली नोंद) होण्याआधीच घडून गेलेल्या असतात. म्हणून या लेखात तयारीवर आणि क्रमावर जास्त भर आहे.

उदाहरणासाठी एक प्रकल्प धरून चालू. सीमाभागातल्या गावांची यादी एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आहे: मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नाव, तालुका आणि एसटीडी कोड. तीच यादी वाचून एक छोटे ॲप नकाशा दाखवते. तुम्हाला खानापूर तालुक्यातल्या काही गावांची मराठी नावे सुधारायची आहेत. प्रकल्प गिटहबवर, म्हणजे गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आहे.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाईप करा; फक्त टप्पा ६ मधले ‘हेड’ मोठ्या अक्षरांत लिहा. मोकळी जागा आणि आडव्या रेघा जशा दिसतात तशाच ठेवा.

टप्पा १: संगणक तयार करा

आधी आवृत्ती पाहा.

गिट --व्हर्जन

२.२३ किंवा त्यापुढची हवी. ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या आज्ञा २०१९ मध्ये त्या आवृत्तीत आल्या. जुन्या ‘चेकआउट’ने ब्रँचही बदलते आणि फाइलमधले काम पुसतेही, त्यामुळे नवख्या माणसाचा घोटाळा होतो. नवीन आज्ञाच शिका.

मग नाव आणि ईमेल.

गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.नेम "तुमचे नाव"
गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.ईमेल "तुमचा ईमेल"

गिटहबच्या खात्यात नोंदवलेला ईमेलच इथे द्या, नाहीतर कमिट तुमच्या खात्याशी जोडला जात नाही. खरा ईमेल जगाला दिसू नये असे वाटत असेल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये त्यासाठी ‘नोरिप्लाय’ पत्ता मिळतो, तो वापरा.

सावधान, कॉलेजच्या लॅबमधला संगणक: तिथे आधीच्या विद्यार्थ्याचे नाव ग्लोबलमध्ये बसलेले असते आणि तुमचे कमिट त्याच्या नावावर जातात. अशा संगणकावर ‘--ग्लोबल’ वापरू नका. टप्पा ३ मध्ये क्लोन झाल्यावर (प्रकल्पाची प्रत संगणकावर उतरल्यावर) प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन याच दोन आज्ञा ‘--ग्लोबल’शिवाय द्या. पुश करताना (कमिट गिटहबवर पाठवताना) ४०३ असा नकार आला, तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये दुसऱ्याच कुणाचे गिटहब लॉगिन साठलेले आहे का ते पाहा.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक सेटिंग करून ठेवावे.

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

हे केले नाही तर देवनागरी नावाची फाइल गिटच्या यादीत उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे अशी दिसते. फाइल बिघडली असे समजून मुले ती पुसतात आणि पुन्हा बनवतात. फाइलला काहीही झालेले नसते.

पासवर्ड देऊन पुश करणे गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केले आहे. आता टोकन किंवा एसएसएच की लागते. विंडोजवर गिटसोबत येणारा क्रेडेन्शियल मॅनेजर ब्राउझर उघडून लॉगिन करून देतो, तीच सर्वांत सोपी वाट. कॉलेजच्या नेटवर्कवर एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट बंद असेल तर एचटीटीपीएसचा पत्ता वापरा.

टप्पा २: प्रकल्प वाचा, मग विचारा

रीडमी आणि ‘काँट्रिब्यूटिंग’ नावाची फाइल पूर्ण वाचा. ब्रँचचे नाव कसे द्यायचे, कोणती तपासणी चालवायची, मेन ब्रँचला तिथे मेनच म्हणतात की मास्टर, हे सगळे तिथे असते. त्यानंतर उघडे इश्यू (नोंदवलेल्या चुका आणि सूचना) आणि उघड्या पुल रिक्वेस्ट पाहा. तुमचे काम दुसऱ्या कुणी आधीच हातात घेतलेले असू शकते.

काम एका ओळीपेक्षा मोठे असेल तर आधी इश्यू उघडून विचारा. आपल्या उदाहरणात तर याची जास्तच गरज आहे. शहराचे इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बदलले, म्हणून कुणी सरळ ‘बेलगाम’ काढून ‘बेळगावी’ लिहितो. पण ॲप त्याच रकान्याने नकाशावरची जागा शोधत असेल, तर या एका शब्दाने नकाशातून अख्खे शहर गायब होते. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, विचारले असते तर त्याने वेगळा रकाना सुचवला असता.

गावाच्या नावावरून आपल्या भागात वाद पेटायला वेळ लागत नाही. यादीत मराठी नावासाठी मराठी रकाना आहे, कन्नड नावासाठी कन्नड. तुम्हाला ज्या रकान्याची माहिती आहे तोच सुधारा. दुसऱ्याचे नाव पुसणारा बदल पाठवू नका.

टप्पा ३: फोर्क, क्लोन, अपस्ट्रीम

मूळ प्रकल्पात लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नसतो, म्हणून गिटहबवर ‘फोर्क’ दाबून स्वतःच्या खात्यात प्रत घ्या. मग त्या प्रतीचा पत्ता देऊन क्लोन करा.

गिट क्लोन तुमच्या-फोर्कचा-पत्ता

आता गिटला मूळ प्रकल्पाची ‘अपस्ट्रीम’ या नावाने ओळख करून द्या. बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम मूळ-प्रकल्पाचा-पत्ता
गिट रिमोट -व्ही

तपासा: दुसऱ्या आज्ञेने चार ओळी दिसायला हव्यात. ‘ओरिजिन’च्या दोन ओळींत तुमच्या खात्याचे नाव हवे, ‘अपस्ट्रीम’च्या दोन ओळींत मूळ मालकाचे. उलटे असेल किंवा चारही ठिकाणी एकच पत्ता असेल तर पुढे जाऊ नका.

डेटा वाचवण्यासाठी ‘--डेप्थ १’ लावून क्लोन करायची सवय अनेकांना आहे. नुसता कोड वाचायला ते चालते. योगदान देताना मात्र मागचा इतिहास अपुरा पडतो आणि रिबेस करताना (आपले कमिट ताज्या मेनवर पुन्हा रचताना) गिटला दोन ब्रँचचा समान पूर्वज सापडत नाही. तसे आधीच केले असेल तर ‘गिट फेच --अनशॅलो’ देऊन उरलेला इतिहास आणा.

टप्पा ४: आधी मेन ताजे, मग ब्रँच

पुढच्या चार ओळी प्रत्येक नव्या कामाआधी, याच क्रमाने द्या.

गिट स्विच मेन
गिट फेच अपस्ट्रीम
गिट मर्ज --एफएफ-ओन्ली अपस्ट्रीम/मेन
गिट स्विच -सी खानापूर-मराठी-नावे

तिसरी ओळ मुद्दाम अशी लिहिली आहे. ‘--एफएफ-ओन्ली’ म्हणजे तुमच्या मेनवर तुमचा स्वतःचा एकही कमिट नसेल तरच पुढे सरक. असेल तर गिट तिथेच थांबते आणि चूक लगेच कळते. साधे ‘गिट पुल’ दिले तर गिटच्या जुन्या आवृत्तीत किंवा मर्जची सेटिंग असलेल्या संगणकावर मर्ज कमिट (दोन इतिहास जोडणारा कमिट) तयार होतो, तो मेनवर बसतो आणि पुढच्या प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये नको असताना दिसत राहतो.

ब्रँचचे नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत ठेवा. देवनागरी नाव गिट घेते, पण दुसऱ्याच्या संगणकावर ते टाईप करता येईलच असे नाही. ‘पॅच-१’ किंवा ‘माझे-बदल’ असली नावे टाळा. नावावरून काम कळले पाहिजे.

एका ब्रँचवर एकच काम करा. मराठी नावे सुधारताना कन्नड रकान्यातली चूक दिसली, ॲपमधल्या बटणाचा रंग खटकला, तरी ते इथे करायचे नाही. त्यामागे व्यवहाराचे कारण आहे. मराठी रकाना तपासणारा माणूस वेगळा असतो, कन्नड तपासणारा वेगळा, कोड पाहणारा तिसरा. आपल्याकडे दोन्ही लिपी वाचणारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येक प्रकल्पाच्या मेंटेनरमध्ये तसा कुणी असेलच असे नाही. तिन्ही बदल एकत्र पाठवले तर तिघांचे मत येईपर्यंत सगळेच अडून राहते.

काम चुकून मेनवर झाले असेल तर

घाबरून फोल्डर पुसू नका. आधी ‘गिट स्टेटस’ देऊन कमिट न केलेले काही उरले आहे का पाहा. उरले असेल तर तेही कमिट करा. मग:

गिट ब्रँच खानापूर-मराठी-नावे
गिट फेच अपस्ट्रीम
गिट रीसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन
गिट स्विच खानापूर-मराठी-नावे

पहिल्या ओळीने तुमचे कमिट नव्या ब्रँचच्या नावाखाली सुरक्षित होतात आणि तिसरीने मेन पूर्ववत होते. क्रम बदलू नका. ‘रीसेट --हार्ड’ हे कमिट न केलेले काम कायमचे पुसते. कमिट केलेले काम हरवल्यासारखे वाटले तर ‘गिट रिफ्लॉग’ पाहा. तिथल्या नोंदी नेहमीच्या सेटिंगमध्ये निदान ३० दिवस राहतात.

टप्पा ५: काम आणि कमिट

डेटा फाइलवर काम करताना सर्वांत जास्त नुकसान एक्सेल करते. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केली की देवनागरी आणि कन्नड अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ‘०८३१’ मधले पहिले शून्य उडते आणि बेळगावचा एसटीडी कोड ‘८३१’ होतो. ही फाइल व्हीएस कोडसारख्या साध्या एडिटरमध्येच उघडा आणि खाली कोपऱ्यात यूटीएफ-८ लिहिलेले आहे का ते बघा.

दुसरी अडचण डीटीपीची. पत्रिका, अहवाल, स्मरणिका यांचा मजकूर आपल्याकडे अजूनही श्रीलिपीच्या किंवा नुडीच्या जुन्या फाँटमध्ये मिळतो. तो चिकटवला की फाँट असलेल्या संगणकावर सुरेख दिसतो, पण फाइलमध्ये भलतीच रोमन अक्षरे आणि चिन्हे गेलेली असतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रत्येक नाव डोळ्यांनी वाचा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास हलतात.

तिसरी गोष्ट बारीक आहे. ‘ऱ’ हे अक्षर एका कळीने येते, तसेच ‘र’खाली नुक्ता देऊनही येते. ‘र्’पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकूनही काही कीबोर्ड तशीच आकृती दाखवतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, गिटला आणि शोधयंत्राला दिसतो. दोन ओळी हुबेहूब सारख्या असूनही डिफमध्ये (जुन्या-नव्याच्या तुलनेत) बदल दाखवत असेल तर आधी हेच तपासा. आख्ख्या यादीत एकच पद्धत ठेवा.

कमिट छोटे करा. ‘गिट ॲड .’ची सवय सोडा, त्यात तात्पुरत्या फाइल आणि पासवर्ड सगळेच आत जाते. त्याऐवजी:

गिट ॲड -पी
गिट कमिट

‘-पी’ प्रत्येक बदल एकेक करून दाखवते आणि घ्यायचा का ते विचारते. मात्र नवी फाइल ते दाखवत नाही, ती नाव देऊन वेगळी जोडावी लागते. कमिटचा संदेश असा लिहा की सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कारण कळेल. ‘अपडेट केले’ यातून काहीच कळत नाही. ‘खानापूर तालुका: मराठी नावांतील ळ आणि ल यांची अदलाबदल दुरुस्त’ यातून सगळे कळते. संदेशाची भाषा प्रकल्पाची असते तीच ठेवा.

कमिट करायला इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडे लाईट आणि रेंज दोन्ही गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर कमिट होत राहतात. पुश रेंजमध्ये आल्यावर करा.

सावधान, गुप्त माहिती: टोकन किंवा पासवर्ड एकदा कमिट होऊन पुश झाला, तर पुढच्या कमिटमध्ये तो पुसून उपयोग नाही. इतिहासात तो राहतोच. आधी ते टोकन रद्द करा, बाकीचे नंतर.

टप्पा ६: पाठवण्याआधी स्वतः वाचा

गिट फेच अपस्ट्रीम
गिट डिफ --स्टॅट अपस्ट्रीम/मेन...हेड
गिट डिफ --चेक अपस्ट्रीम/मेन...हेड
गिट डिफ अपस्ट्रीम/मेन...हेड

मधली तीन टिंबे महत्त्वाची आहेत. ब्रँच फुटल्यापासून तुम्ही काय बदलले तेवढेच त्यामुळे दिसते.

‘--स्टॅट’चा आकडा पाहून थांबा. तुम्ही ७ ओळी बदलल्या आणि आकडा ९०० दाखवत असेल, तर एडिटरने सगळ्या ओळींची शेवटची खूण बदलली आहे. विंडोज ओळ एका पद्धतीने संपवते, लिनक्स दुसऱ्या. एडिटरमध्ये ‘सीआरएलएफ’ऐवजी प्रकल्पात असेल ते निवडा, पुन्हा सेव्ह करा, आकडा पुन्हा पाहा. अशी पुल रिक्वेस्ट कोणताही मेंटेनर वाचू शकत नाही, कारण खरा बदल त्यात सापडतच नाही.

‘--चेक’ने ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागा आणि कॉन्फ्लिक्टच्या (एकाच ओळीवर दोघांचे बदल भिडल्याच्या) विसरलेल्या खुणा पकडल्या जातात. काही छापले नाही तर सगळे ठीक. शेवटची आज्ञा पूर्ण बदल दाखवते. तो ओळीओळीने वाचा, जणू दुसऱ्या कुणीतरी पाठवला आहे. ही पाच मिनिटे कुणीही वाचवू नयेत.

टप्पा ७: पुश आणि पुल रिक्वेस्ट

गिट पुश -यू ओरिजिन खानापूर-मराठी-नावे

गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल नाकारते. गावाचे फोटो, स्कॅन केलेले उतारे रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या गिट साठ्यात, टाकू नका.

आता ब्राउझरमध्ये पुल रिक्वेस्ट उघडा. बटण दाबण्याआधी वरची ओळ वाचा: डावीकडे मूळ प्रकल्पाचे मेन, उजवीकडे तुमच्या फोर्कची ब्रँच. कित्येकदा स्वतःच्याच फोर्कच्या मेनकडे रिक्वेस्ट जाते आणि माणूस आठवडाभर उत्तराची वाट पाहत बसतो.

वर्णन असे असावे:

काय बदलले: खानापूर तालुक्यातील ७ गावांची मराठी नावे. फक्त मराठी रकाना.
आधार: ग्रामपंचायत आणि मराठी शाळेच्या पाटीवरील नाव. फोटो इश्यूमध्ये जोडले आहेत.
तपासणी: ॲप चालवून सातही गावे नकाशावर दिसतात हे पाहिले.
केलेले नाही: कन्नड आणि इंग्रजी रकान्यांना हात लावलेला नाही.

शेवटची ओळ लिहायला विसरू नका, तपासणाऱ्याचा अर्धा वेळ तिथे वाचतो. इश्यू असेल तर इंग्रजीत ‘क्लोजेस’ लिहून पुढे हॅश आणि इश्यूचा क्रमांक द्या, मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाल्यावर इश्यू आपोआप बंद होतो. काम अर्धवट असताना मत हवे असेल तर ‘ड्राफ्ट’ म्हणून उघडा. मेंटेनरला बदल करू देण्याची चौकट फोर्कवरून उघडताना टिक केलेलीच असते, ती तशीच ठेवा.

टप्पा ८: रिव्ह्यूला उत्तर

सूचना आल्या की त्याच ब्रँचवर दुरुस्ती करा, कमिट करा, पुश करा. पुल रिक्वेस्ट आपोआप अद्ययावत होते. जुनी बंद करून नवी उघडणे ही फार सर्रास चूक आहे. त्यात झालेली सगळी चर्चा मागे पडते आणि तपासणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रत्येक सूचनेखाली काय केले ते एका ओळीत लिहा. पटत नसेल तर कारण द्या: “सर, या गावात पाटीवर ‘ळ’ आहे, फोटो जोडला आहे.” एवढे पुरते. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीतल्या सूचनेला घाबरून गप्प बसतात, हे मला फार लागते. साधे, तुटक इंग्रजी चालते. उत्तरच आले नाही तर मात्र काम बंद पडते.

टप्पा ९: मेन पुढे गेले, कॉन्फ्लिक्ट आला

गिट फेच अपस्ट्रीम
गिट रिबेस अपस्ट्रीम/मेन

कॉन्फ्लिक्ट आला तर फाइलमध्ये बाणांच्या आणि बरोबरच्या चिन्हांच्या रांगा दिसतील. मर्ज करताना ‘अवर्स’ म्हणजे आपले असते. रिबेसमध्ये हे उलटे होते: ‘अवर्स’ म्हणजे मूळ प्रकल्पाचे आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचे. हे ठाऊक नसल्याने एडिटरमधले बटण दाबून लोक स्वतःचेच काम पुसतात. बटणाऐवजी दोन्ही बाजू वाचा, हव्या त्या ओळी ठेवा, खुणा काढा. मग:

गिट ॲड फाइलचे-नाव
गिट रिबेस --कंटिन्यू

गोंधळ झाला तर ‘गिट रिबेस --ॲबॉर्ट’ दिल्यावर सगळे सुरू करण्याआधी होते तसे होते. रिबेस पूर्ण झाल्यावर टप्पा ६ पुन्हा करा, मग पुश.

गिट पुश --फोर्स-विथ-लीज

नुसते ‘--फोर्स’ वापरू नका. मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर एखादा कमिट टाकला असेल तर ते तो उडवते. ‘--फोर्स-विथ-लीज’ अशा वेळी नकार देते. नकार आला तर आधी फेच करून तो कमिट पाहा आणि आपल्या ब्रँचमध्ये घ्या. ज्या ब्रँचवर दोघेतिघे मिळून काम करत आहेत तिथे रिबेस करूच नका, साधे मर्ज करा.

टप्पा १०: मर्ज झाल्यावर

गिट स्विच मेन
गिट फेच अपस्ट्रीम
गिट मर्ज --एफएफ-ओन्ली अपस्ट्रीम/मेन
गिट पुश ओरिजिन मेन
गिट ब्रँच -डी खानापूर-मराठी-नावे
गिट पुश ओरिजिन --डिलीट खानापूर-मराठी-नावे

मेंटेनरने सगळे कमिट एकत्र करून, म्हणजे स्क्वॉश करून घेतले असतील तर गिटला ती ब्रँच मर्ज झालेली ओळखू येत नाही आणि छोट्या ‘-डी’ला नकार मिळू शकतो. मेनमध्ये आपला बदल आला आहे याची खात्री करा, मग मोठ्या अक्षरातला ‘-डी’ द्या.

मर्ज झालेल्या ब्रँचवर पुढचे काम सुरू करू नका. स्क्वॉशनंतर तर त्या ब्रँचवरचे जुने कमिट नव्या पुल रिक्वेस्टमध्ये पुन्हा येतात. पुढच्या गावांसाठी टप्पा ४ पासून सुरुवात.

बरेच दिवस उत्तर आले नाही तर पुल रिक्वेस्टखालीच एक सभ्य आठवण लिहा. मेंटेनरच्या व्हॉट्सॲपवर किंवा खासगी ईमेलवर जाऊ नका. त्याआधी तपासण्यांसमोर लाल फुली नाही ना आणि कॉन्फ्लिक्ट आलेला नाही ना, हे पाहून घ्या.